गटात न मावणारे पान

जगातल्या कोणत्याही दोन गोष्टींत काही नाते असेल, तर ते आमच्या जाऊबाईंच्या धाकट्या बंधूंना ठाऊक असतेच. आणि नसेल, तर संध्याकाळपर्यंत ते जुळवून दिल्याशिवाय ते चहाला हात लावत नाहीत. घरातली मुले त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मामांचा व्यवसाय विचारला, तर ते शांतपणे सांगतात की आपण वेबसाइट लावतो. बनवत नाही, लावतो. जसे एखादी गृहिणी नव्या घरात आल्यावर घर लावते. कोणाच्या तरी दुकानाची, दवाखान्याची, शिकवणीची शेदीडशे पाने इंटरनेटवर अस्ताव्यस्त पडलेली असतात. मामा ती उचलतात, विषयवार गट पाडतात, प्रत्येक गटाला एक कर्ते पान नेमतात, त्याच्याभोवती बाकीची पाने बसवतात आणि त्यांचे धागे एकमेकांत गुंफतात. असे केले की शोधयंत्राला ते घर नीटनेटके दिसते आणि लोकांनी काही शोधले, तर ते यंत्र आपले नाव वर दाखवते. मामा त्या यंत्राला ‘पाहुणा’ म्हणतात. “पाहुणा उंबऱ्यात उभा आहे, ताई,” ते मला समजावतात, “त्याले पाणी पाहिजे अन् तुम्ही त्याले अल्बम दाखवून राहिल्या.” हे ज्ञान त्यांनी कोणत्या वर्गात मिळवलेले नाही. त्यांचे वडील मिरचीच्या बाजारात प्रतवारी करीत. डोळे मिटून, नुसत्या नाकाने, ते मिरचीचे ढीग वेगळे काढीत. तो बाजार पुढे शहराबाहेर कळमन्याला गेला, वडीलही देवाघरी गेले. परंतु त्यांची ती सवय मुलाच्या बोटांत उतरली, आणि मिरची न मिळाल्यामुळे ती बोटे जे सापडेल ते निवडू लागली.

मामा अविवाहित आहेत, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात या सवयीला विरोध करणारे कोणी नाही. तिथले डबे पदार्थांप्रमाणे लावलेले नाहीत. ते माणसाला पडणाऱ्या प्रश्नांप्रमाणे लावलेले आहेत. एका फळीवर ‘पोट बिघडलं तर’ अशी चिठ्ठी आहे, आणि तिथे ओवा, सुंठ, डाळिंबाची वाळलेली साल असा सौम्य, तुरट दरवळ नांदतो. दुसऱ्या फळीवर ‘पाहुणा सांगून आला नाही तर’. तिसऱ्या फळीवर ‘मन बिघडलं तर’, आणि तिथे एकच भला मोठा डबा आहे, चिवड्याचा. मिठाला मात्र गट सापडेना. ते सगळ्याच प्रश्नांचे उत्तर होते. म्हणून दोन महिने ते दिवाणखान्यात, दूरध्वनीशेजारी होते. भाचीच्या लग्नात पंगतींची व्यवस्था त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी वर-पक्ष, वधू-पक्ष ही जुनी विभागणी मोडीत काढली आणि पाहुण्यांना दुखण्यांनुसार बसवले. साखरेची पंगत, रक्तदाबाची पंगत, गुडघ्यांची पंगत. आम्ही धास्तावलो होतो. पण लग्न असे रंगले की विचारू नये. ज्याच्या त्याच्या ताटात पथ्याचे पदार्थ बिनचूक पडले, अनोळखी माणसे जिवाभावाने बोलू लागली, आणि गुडघ्यांची पंगत तर सर्वांत शेवटी उठली. त्यांना एकमेकांना सांगण्यासारखेही पुष्कळ होते आणि उठण्याची घाईही नव्हती.

बाहेरच्या जगाला हा उपकार नेहमीच पचतो असे नाही. नागपुरात सीताबर्डीवर मोजे विकणाऱ्या एका माणसाला त्यांनी भर गर्दीत थांबून सांगितले की रंगांप्रमाणे मोजे लावण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक ‘पायाले घाम येते’ म्हणून येते की ‘शाळेत चालते काय’ म्हणून येते, ते पाहून ढीग लाव. त्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, तुम्ही कोणत्या ढिगातले ते सांगा. घेणारे असाल तर इकडं या, शिकवणारे असाल तर थोडे तिकडं सरका.” मामांना हे उत्तर इतके आवडले की त्यांनी मोज्यांचे चार जोड घेतले आणि वाटभर त्या माणसाच्या वर्गीकरणाची तारीफ केली.

त्यांच्या शास्त्रात दोन पातके आहेत. पहिले, एकाच प्रश्नावर दोन पाने उभी करणे. एकाच घरातून दोघे निवडणुकीला उभे राहिले तर दोघेही पडतात, तसे हे, असे ते म्हणतात. दुसरे पातक अधिक गंभीर: ज्या पानाकडे दुसऱ्या कोणत्याच पानावरून वाट जात नाही, असे पान ठेवणे. त्याला ते पोरके पान म्हणतात, आणि असे पान सापडले की त्यांचा आवाज खरोखर खाली येतो. मी त्यांच्यासाठी अधूनमधून मजकूर लिहिते. माझ्या लेखणीला कवितेचे वळण, त्यामुळे आमचे वाद ठरलेले. एकदा मी वाळ्याच्या मुळांवर एक परिच्छेद लिहिला. त्यात उन्हाने तापलेली दुपार, मुळांवर पडलेले पहिले पाणी आणि त्यातून उमलणारा तो हिरवा, ओला, खोल गंध असे सारे होते. मामांनी तो दोनदा वाचला. “गोड आहे, ताई,” ते म्हणाले, “पण हे कोणी शोधते काय?”

वाळ्याचा विषय निघाला होता तो जाऊबाईंमुळे. माझे थोरले दीर गेल्यावर जाऊबाईंनी नागपूरजवळ कन्हानला, घरामागच्या शेडमध्ये, वाळ्याच्या ताट्या विणण्याचे काम सुरू केले. बांबूच्या कामट्यांचा चौकोन, त्यावर मुळांचे थर, सुतळीचे टाके. खिडकीला टांगायच्या ताट्या आणि कूलरच्या तीन बाजूंना बसवायच्या गाद्या. हाताखाली चार जणी. नागपूरच्या उन्हाळ्याची ज्याला ओळख आहे, त्याला हे काम काय आहे ते सांगावे लागत नाही. मुलाने पुण्याला जाण्यापूर्वी त्यांना एक वेबसाइट करून दिली होती, आणि जाऊबाई दुपारच्या निवांत वेळी तिच्यावर सुचेल ते लिहीत. पंपात शेवाळ कसे होते, कूलरला कुबट वास काहून येतो, चांगला वाळा हाताला कसा लागतो. दहा वर्षांत पानांचे रान झाले. आधी त्या रानातूनही वाट काढून लोक येत असत. मग नवी, चकचकीत दुकाने पुढे आली, आणि शोधणाऱ्याला जाऊबाईंचे नाव दिसेनासे झाले.

यंदाच्या संक्रांतीला तिळगूळ वाटताना जाऊबाईंनी सांगून टाकले. या उन्हाळ्यात मागणी आली नाही, तर शेड बंद करायची आणि मुलाकडे पुण्याला राहायला जायचे. त्या कुरकुरल्या नाहीत. म्हणाल्या, “तिथं माणसं आहेत. इथं नुस्ता वाळा आहे.” मामा समोरच बसले होते. दर रविवारी ते नागपूरहून कन्हानला जेवायला जातात. तीस वर्षांत हा रविवार चुकलेला मला आठवत नाही. त्यांनी हातातला लाडू अलगद ताटलीत ठेवला आणि विचारले, वेबसाइटवर एकूण पाने किती आहेत.

पुढचा महिनाभर शेडची जमीन दिसली नाही. मामांनी एकूण एक पान छापून आणले आणि वाळ्याच्या ढिगांमध्ये अंथरले. मुळांचा भुरा, मातकट वास आणि ताज्या कागदाचा वास एकमेकांत मिसळून गेला. विणणाऱ्या चौघी पदर खोचून गट पाडू लागल्या. एक म्हणे हे पंपाचं पान हाय, तिकडं टाक वं, तर दुसरी म्हणे पंपाचं कसं, वासाचं हाय. मामा मधोमध उभे, वडील मिरचीच्या ढिगांत उभे राहत असतील तसे. चार गट झाले: वाळ्याची पारख, कूलरची निगा, वासाचे उपाय, खिडकीच्या ताट्या. रान विरळ होत गेले आणि आमच्या सर्वांच्या मनाने आशा धरली.

एक पान मात्र कुठेच बसेना. जाऊबाईंनी ते फार पूर्वी लिहिले होते, आणि ते चांगले लांबलचक होते. एका वैशाखातल्या दुपारी त्यांच्या वडिलांनी घरी ताटी कशी बांधली, वाळा कसा निवडला, किती वेळाने पाणी शिंपडले, ताटीला वास धरू नये म्हणून काय केले. चारही गटांचा त्या पानावर हक्क होता. मामांनी पाहिले, इथे पहिले पातक घडते आहे, आणि त्यांनी नियमाप्रमाणे कात्री चालवली. पारखेचा भाग पारखेत, निगेचा निगेत, असे चार तुकडे चार ठिकाणी गेले. उरला तो वडिलांचा भाग. तो कोणी शोधत नाही म्हणून काढून टाकला. जाऊबाई तिथेच सुतळी वळत होत्या. त्यांनी वर पाहिले, आणि पुन्हा सुतळीकडे पाहिले.

होळी जवळ आली. शहरात गच्च्यांवरून कूलर उतरू लागले, आणि जाऊबाईंचा फोन गप्पच राहिला. दर वर्षी येणारे थोडेफार फोनही यंदा आले नाहीत. मामा म्हणत की पाहुण्याला नवे घर ओळखायला वेळ लागतो. हे ते इतक्या वेळा म्हणाले, की अखेर त्यांनाच ते ऐकवेना. चौघींपैकी दोघींना जाऊबाईंनी घरी थांबायला सांगितले. पुण्याच्या मुलाने एक खोली रंगवून घेतल्याचे कळवले.

धुळवडीनंतर एक फोन आला. अकोल्याच्या एक वृद्ध बाई. त्या दर उन्हाळ्यात एक ताटी मागवीत. त्यांनी मागणी नंतर सांगितली, आधी विचारले की ती वडिलांची गोष्ट कुठे गेली. त्या दर वर्षी आधी ती वाचत आणि मग फोन करीत. यंदा ती दिसेना, म्हणून त्यांना वाटले की दुकान बंद झाले, आणि ताट्या विणणाऱ्या बाई आता असतील की नसतील. जाऊबाईंनी हे मामांना जसेच्या तसे सांगितले, आरोप न करता. मामांनी तेव्हा कुठे मागच्या नोंदी उघडल्या. जितके लोक त्या वेबसाइटवर येत, त्यांतले बहुतेक त्या एका पानाच्या वाटेने येत होते. लोकांनी ते एकमेकांना पाठवले होते, आपापल्या जागी त्याचा पत्ता देऊन ठेवला होता. काढण्यापूर्वी नोंदी पाहाव्यात, हे परक्यांना बजावून सांगणाऱ्या या माणसाने सख्ख्या बहिणीच्या पानाची नोंद पाहिली नव्हती. घरचे पान; त्यात काय असणार ते आपल्याला ठाऊकच आहे, असे त्यांनी धरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. ते चार तुकडे जोडून द्या, म्हणाले. मी म्हटले, जोडायला नको. मूळ मजकूर मी तेव्हाच जपून ठेवला आहे. तो कागद घेऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसले. ते सावकाश वाचत गेले, आणि शेवटच्या भागाशी आल्यावर त्यांचे बोट ओळीवर थांबले. त्या वैशाखात घरात तापाने फणफणलेले एक मूल होते. वडील अंगावरची मिरचीची धूळ धुऊन आले, त्यांनी ताटी टांगली, दुपारभर तांब्याने पाणी शिंपडले. आणि बाजाराची वेळ झाली तेव्हा तांब्या आठ वर्षांच्या मुलीच्या हातात देऊन गेले. सांजेपर्यंत तिने ताटी वाळू दिली नाही. ताप उतरला. ते मूल म्हणजे मामा. तीन वर्षांच्या मुलाला काय आठवणार. आणि बहिणीने हे कधी तोंडाने सांगितले नव्हते, फक्त लिहून ठेवले होते.

आम्ही तसेच कन्हानला गेलो. जाऊबाई एकट्याच विणत बसल्या होत्या. मामा दाराशी उभे राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “मी ते शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं.”

“मले माहीत होतं.”

“मग सांगितलं काहून नाही?”

जाऊबाईंनी टाका ओढला, गाठ मारली. “माझ्यासाठीच करून राहिला होता ना गा, बाबू. तुले काय सांगू?”

त्या संध्याकाळी मामांनी ते पान अखंड परत ठेवले, आणि मग आपल्या शास्त्राला धरूनच एक गोष्ट केली: त्याला कोणत्याही गटात न घालता चारही गट त्याच्याभोवती बसवले. प्रत्येक पानावरून त्या दुपारकडे एक वाट निघाली. चमत्कार झाला नाही. पाडव्यापर्यंत काही फोन आले, चैत्रात बरे आले, आणि वैशाखात घरी थांबलेल्या दोघीही परतल्या. पुण्याच्या खोलीचा रंग वाळून गेला. मुलगा विचारतो, तेव्हा जाऊबाई म्हणतात, पाहू.

आता मृग सरला आहे, घराघरांतल्या कूलरांवर जुन्या चादरी पडल्या आहेत. पण त्या पानाखाली लोक अजून लिहीत असतात. कोणाच्या आईने ओली चादर बांधली होती, कोणाच्या आजोबांनी रात्र रात्र पंखा हलवला होता; कोणी परदेशातून इतकेच लिहिते की तो वास पुन्हा आला. अशी पत्रे कितीतरी जमली आहेत. मामांनी त्यांचे गट पाडलेले नाहीत. दर रविवारी जेवण झाले की ते शेडमध्ये बसतात आणि विणणाऱ्या बहिणीला एक पत्र वाचून दाखवतात. एकच. मी एकदा म्हटले, सगळी एका बैठकीत वाचून होतील. मामा चष्मा पुसत राहिले. या गतीने ती पत्रे पुढचा उन्हाळा उलटून गेल्यावरही पुरतील, हे त्यांना ठाऊक आहे. जाऊबाईंनाही ते ठाऊक असावे. कारण पत्र संपले की त्या लगेच उठत नाहीत, आणि दुसरे वाच म्हणूनही सांगत नाहीत.