कोड मागणारा पोलीस

पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले, पण मनातून जात नाही तो तपास निवृत्तीनंतरचा, इथला, कुवेतमधला. त्यात संशयित मीच होतो.

इथल्या मंगफ भागात मुलाकडे आम्ही नवराबायको राहायचो. नात इंग्रजीतच बोलते, म्हणून बायको तिच्यासाठी मोबाइलमध्ये मराठी गोष्टी बोलून ठेवायची. बायको गेली. मुलाने तिचं सिमकार्ड बंद केलं. पुढे मोबाइलही बिघडला. गोष्टी इंटरनेटवरच्या खात्यात शाबूत होत्या, पण खातं उघडायला कोड लागतो, आणि कोड जाणार त्याच नंबरवर. मुलगा आयटीतला, जगाचा डेटा सांभाळतो. तोही डोकं धरून बसला.

सुनेने खबर दिली, "बाबा, त्या नंबरवर रिंग वाजतेय. दुसऱ्या कुणाला दिलाय तो."

मी फोन लावला. उचलला रत्नागिरीकडच्या एका शिंप्याने. जवळच्या फिंतास भागातल्या दुकानाचं नाव त्याने उचलतानाच सांगितलं.

"मी रिटायर पोलीस. तुम्हाला एक कोड येईल, तेवढा सांगा."

तो हसला. "चाचा, मागच्या खेपेचा चोरपण पोलीसच होता!" आणि फोन ठेवला.

राग आला. पण नोकरीत गावोगाव मीच सांगत फिरलो होतो, कोड कुणाला देऊ नका, मागणारा मी पोलीस आहे म्हणाला तरी.

शुक्रवारी नमाजानंतर मुलाला घेऊन दुकानच गाठलं. शिंप्याने कात्री ठेवली आणि माझी उलटतपासणी सुरू केली. ओळखपत्र बघितलं, मृत्यूचा दाखला बघितला.

"कागद कोणपण बनवतो. बाईने बोलून काय ठेवलंय, ते सांगा."

आयुष्यभर लोकांचे जबाब घेतले. आता स्वतःचा द्यायची पाळी आली.

"कोल्ह्याची गोष्ट आहे. मधेच मला ओरडते, अहो, तो टीव्ही बारीक करा."

"कोड सांगतो. पण उघडायचं इथं, माझ्यासमोर. दुसरं काय निघालं तर तुम्हा दोघांना पोलिसात देईन."

मुलाने कोड टाकला. कोल्हा आला, द्राक्षं आली, आणि मग ती माझ्यावर ओरडली. शिंप्याने उठून मशीनवरच्या कारागिराला थांबवलं. म्हणाला, "बसा चाचा. पुरती ऐका."

ठाण्यात मुद्देमाल आम्ही कधी एकट्याच्या भरवशावर सोडला नाही. घरात मात्र तिचा आवाज एका नंबरला टांगून ठेवला. आता त्या गोष्टींच्या दोन डिस्क आहेत, एक इथे, एक गावी लेकीकडे. आयटीतल्या पोरांना सांगतो, मयताचा नंबर बंद करण्याआधी त्याला काय काय बांधलंय ते बघा.

त्या शिंप्याचे उपकार मानतो, ते कोड दिल्याबद्दल आहेतच, आधी नाकारल्याबद्दल त्याहून जास्त. पहिल्या फोनला त्याने तो दिला असता, तर माझ्याआधी मागणाऱ्यालाही दिला असता.