खाकी कव्हराची वही

खाकी कव्हराचा वास आला की मला इस्पितळाची ती खिडकी आठवते. माझ्या वडिलांना, अप्पांना, सणकून ताप होता आणि त्यांची जुनी फाईल इस्पितळातच हरवली होती. या खिडकीवरून त्या खिडकीवर मी इतका चाललो, की तेवढ्यात पायी मद्रास गाठलं असतं. शेवटी खिडकीतली बाई म्हणाली, "सार, कंप्युटरात काही इल्लै. कुठलं औषध त्यांना सोसत नाही, तुम्हीच सांगा." अप्पांनी पिशवीतून वही काढली. आपली सगळी दुखणी ते तीत मराठीत टिपत. मोतीबिंदूत तापाची भर, त्यांना वाचता येईना, म्हणून वही माझ्या हाती आली. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तमिळ शाळेत शिकलेल्या मला मराठी अक्षरं येत नव्हती. राजवाड्यामागच्या आमच्या मराठी वस्तीतल्या प्रत्येक लग्नात मात्र मी मराठी पोथ्या घडाघडा वाचतो म्हणून मिरवलेलं. मी ऐटीत पानं उलटली, बोट फिरवलं आणि ठोकून दिलं, "काही नाही, सगळं सोसतं." इंजेक्शन दिलं आणि तासाभरात अप्पांच्या तोंडाचा भोपळा झाला. तीन दिवसांनी जरा बरं वाटल्यावर त्यांनी विचारलं, "वहीत नव्हतं काय रे?" "नव्हतं, अप्पा." "तर मीच लिहायला विसरलो. तुला उगीच घोर लावला." पुढे ते येईल त्याला "माझी आठवण गेली" असं सांगत राहिले, आणि वही लिहायची त्यांनी सोडली. ते गेल्यावर मी अक्षरं शिकलो. त्या इंजेक्शनाचं नाव पहिल्याच पानावर आहे, तांबड्या शाईत, खाली दोन रेघा मारून.