यंदाचा मुराळी मी

मला एकच पाय आहे असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. पाय दोन आहेत, पण लहानपणी पोलिओ झाल्यापासून डावा नुसता सोबतीला असतो. सगळं काम उजवा करतो. पेणला माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि तीस वर्षं मी याच पायाने मशीन चालवलं. माझी उजवी पोटरी बघितली तर एखादा पैलवानही दोन मिनिटं गप्प बसेल. बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो.

सायकल मी उशिरा शिकलो, सेहेचाळिसाव्या वर्षी. आमचं गाव खारेपाटात, खाडीला लागून. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बापजाद्यांनी घातलेला मातीचा बांध आठ किलोमीटर खाडीच्या कडेने जातो. त्या वर्षी त्यावर डांबर पडलं. रस्ता ताटासारखा सपाट, एका हाताला मिठागरं, दुसऱ्या हाताला खाडी. पुढे कुठे जात नाही म्हणून वाहनंही नाहीत. सकाळी दोन मोटारसायकली गेल्या तर खूप. हायवेवर ट्रकच्या मागे सायकल घालायची माझी छाती नाही, पण हा रस्ता जणू माझ्यासाठीच केला होता. सायकलचं डावं पायडल काढून टाकलं, डाव्या पायाला टेकायला खुंटी बसवून घेतली. उजवा पाय पायडलला जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधायचा, म्हणजे तो पायडल खाली दाबतो आणि वरही ओढून आणतो. कुबडी नळीला बांधली की मी सुटलो. चालताना मला सगळे मागे टाकतात. बांधावर मी वाऱ्याला मागे टाकतो.

या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माझ्या बहिणीचं सासर आहे. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आम्ही सगळे तिला बाय म्हणतो.

शाळा गावापासून चार किलोमीटरवर होती, ह्याच बांधावरून. मला चालता येत नव्हतं. आमच्या बापाची सायकल होती, मोठी, बायच्या छातीला लागणारी. ती नळीखालून पाय घालून तिरकी तिरकी चालवायची आणि मला मागे कॅरियरवर बसवायची. सातवीनंतर तिची शाळा घरच्यांनी बंद केली. पण माझी चालू होती, म्हणून तिचं शाळेत जाणं काही सुटलं नाही. मला फाटकात सोडायची, मिठागरावर कामाला जायची, संध्याकाळी पुन्हा फाटकात उभी. असं तिने पाच वर्षं केलं. मग तिचं लग्न झालं आणि माझी शाळा सुटली. तेव्हा मला तिचा राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते.

लग्नानंतर पहिल्या जत्रेला तिला माहेरी आणायचं ठरलं. माहेरवाशिणीला आणायला जातो तो मुराळी. सख्ख्या भावाचा तो मान. मी नवी टोपी घालून ओटीवर बसलो होतो. बाप म्हणाला, तू कसा जाणार? आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या चुलतभावाला पाठवलं. तो आधी सायकलवर गेला, पुढे मोटारसायकलवर, आता चारचाकी घेऊन जातो. बिचारा मनाने चांगला आहे, एकही वर्ष त्याने चुकवलं नाही. पण दर चैत्राला तो बायला घेऊन आला की मी दारात हसत उभा राहायचो आणि आतल्या आत जळायचो.

यंदा माघात उजवा गुडघा दुखायला लागला. डॉक्टरने फोटो बघितला आणि म्हणाला, आतलं वंगण संपत आलंय, सायकल फार तर वर्षभर चालवाल. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की या चैत्राला बायला मी आणणार, माझ्या मागे डबलसीट बसवून.

"एका पायावर?" बायको म्हणाली.

"मग काय दोन उसने आणू?"

"बायला पाडलंस तर तिचा चुलतभाऊ तुला घरात ठेवील का बघ."

मी सरावाला लागलो. बायचं वजन किती हे तिला विचारायची सोय नव्हती, म्हणून पन्नास किलोची मिठाची गोण धरली. मिठागरावर गोण मिळायला वेळ लागत नाही. पहिले पंधरा दिवस अर्धी, मग भरलेली. रोज सकाळी कॅरियरवर गोण बांधायची आणि बांधावर चार किलोमीटर जाऊन यायचं. मिठागरावरच्या बाया काम थांबवून बघायच्या. एक म्हणाली, "मास्तर, मीठ फिरवून आनल्यावर ग्वाड व्हतंय का?" मी म्हटलं, "व्हय, उद्या चाखायला देतो."

गोण बिचारी शहाण्यासारखी बसायची. हलायची नाही, बोलायची नाही. मला वाटलं, जमलं. फक्त एक गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. मिठाला दवाने पाणी सुटतं. महिनाभराने एका सकाळी कॅरियर गंजून मधोमध मोडला आणि गोण रस्त्यावर बसली. मिठागराच्या गावात जन्म काढलेला माणूस मीठ लोखंडाला बांधून फिरवतो, याच्यावर गाव आठवडाभर हसलं. मी जाड सळईचा नवा कॅरियर लावून घेतला आणि नवी गोण प्लास्टिकमध्ये गुंडाळली.

जत्रा चैत्र पौर्णिमेला. त्या दिवशी चुलतभावाची रोह्याला कंपनीत सकाळची शिफ्ट होती. तो म्हणाला, सुटल्यावर संध्याकाळी आणतो. मी म्हणालो, सकाळीच आणतोय, मी. तो म्हणाला, "मग मी कशाला घाई करू?" एवढंच. हसला नाही, हे मला आवडलं.

सकाळी न्यायला येतो एवढंच मी बायला कळवलं होतं, कशावर ते नाही. सात वाजता मी तिच्या दारात पोचलो. ती पिशवी घेऊन उभी होती आणि माझ्यामागे गाडी शोधत होती.

"गाडी कुठाय?"

"ही काय."

ती सायकलकडे बघून कमरेवर हात ठेवून हसली. दाजींनी मुराळ्याचा म्हणून नारळ माझ्या हातात दिला. बायने पदर खोचला आणि एका बाजूला पाय सोडून कॅरियरवर बसली. मी दगडाला रेटून सुटलो आणि दहा हातांवर आम्ही दोघं आडवे झालो. नारळ गडगडत कुंपणापर्यंत गेला. गोण मधोमध बसते, बाई एका बाजूला बसते, हे अडीच महिन्यांत मला सुचलं नव्हतं. आणि माझा जोर नेहमी उजव्याच बाजूला. तिचा कोपर खरचटला. दाजी धावत आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, संध्याकाळी गाडी येईलच." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लागलं म्हणून नाही, पुन्हा ओटीवर बसवणार म्हणून.

बाय उठली, कोपरावर थुंकी लावली. मिठागरावर काम करताना मारायची तसा तिने साडीचा काष्टा मारला, चपला काढून हँडलला अडकवल्या आणि पुरुषासारखे दोन्ही बाजूंना पाय टाकून कॅरियरवर बसली. साठीला टेकलेली बाई, आणि भोवती अर्धा गाव. तिने कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते.

"आता कशी पडंल? चल."

ही युक्ती गोणीला कुठून येणार? सुटताना तिने दोन पावलं टाकली, मग पाय उचलले आणि आम्ही चाललो. सायकल सरळ. ओहोटी होती, खाडीचा चिखल उघडा पडला होता, वारा अजून उठला नव्हता. चाकांचा आणि माझ्या श्वासाचा आवाज सोडला तर रस्त्यावर काही नव्हतं. एक किलोमीटर गेला, दुसरा गेला. मिठागरावरच्या त्याच बाया उभ्या राहून बघत होत्या. एकीने नुसता हात वर केला.

या सपाट रस्त्यावर एकच उंचवटा आहे, उघाडीवर. भरती-ओहोटीचं पाणी सोडायची दारं जिथे आहेत तिथे रस्ता पुरुषभर चढतो आणि उतरतो. दोन पायांच्या माणसाला तो चढ दिसतही नाही. सरावात मी गोण घेऊन त्याच्या अलीकडेच वळायचो. शाळेत जाताना बाय तिथे उतरायची, मला मात्र वरच बसवून ठेवायची आणि सायकल ढकलायची.

"मना उतरू दे," ती मागून म्हणाली. सायकल मंदावली तसे तिचे पाय खाली गेले, जमिनीला रेटायला.

"पाय वर घे."

"अरं, गुडगा जाईल तुजा."

"बाय, पाय वर घे."

तिने घेतले. पुढचं नीट सांगता येत नाही. गुडघ्यात सुरी फिरल्यासारखं होत होतं. एक दाब, एक ओढ, एक दाब. मध्ये एकदा सायकल थांबलीच, असं वाटलं आता मागे जाणार. मी हँडलवर छाती टाकून पट्टी तुटेल इतक्या जोराने पायडल ओढलं. आणि पुढचं चाक खाली झुकलं.

उतारावर मी पायडल मारणं सोडून दिलं. मला वाटलं बाय घाबरली. मान वळवली तर ती खाडीकडे बघत होती. चिखलात बगळे आणि बारीक बारीक पाखरं पळत होती, शेकड्याने.

"इतकी पाखरां हाईत हिकडं?"

"कायमची आहेत. मी रोज बघायचो."

"मना कवा दिसली नाय," ती म्हणाली. "मी खड्डं बगत व्हते रं."

मला रडू आलं आणि मी सायकल थांबवली नाही. पुढचे चार किलोमीटर ती एकेक पाखरू दाखवत होती आणि मी पायडल मारत होतो. एवढ्या आनंदात मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

दारात काकी, चुलतभावाची आई, भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने बायवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि मग माझ्यावरूनही ओवाळला. मुराळ्यावरून ओवाळत नाहीत. मी ओवाळून घेतलं.

संध्याकाळी चुलतभाऊ शिफ्टवरून आला. तोवर माझ्या गुडघ्याचा भोपळा झाला होता आणि बायको तो गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकत होती. त्याने गुडघा बघितला आणि प्रेमानेच म्हणाला, "बाय, परवा तुला सोडायला मी गाडी घेऊन येतो."

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

बाय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्यानं आनली त्यानंच सोडायची. परवा नाय तर नाय, त्याचा पाय बरा व्हईपर्यंत मी हिथंच हाय."

बारा दिवस राहिली. लग्नानंतर इतके दिवस ती माहेरी कधी राहिली नव्हती. तेराव्या दिवशी सकाळी मी तिला सोडून आलो.