रेवाला ताप होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला तर नाहीच. देवापुढे हात जोडून बसते तेव्हाही इकडचं तिकडचं मागते आणि उठते. नऊ वर्षं झाली. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर पोटात ठेवणं जमेना म्हणून असेल – ते शेवटी सांगते. आधी रेवाबद्दल सांगू दे.

रेवा माझी भाची, धाकट्या बहिणीची – नंदाची – मुलगी. जन्माने कॅनडाची. टोरांटोजवळ मिसिसागाला ते राहतात. शाळेच्या नाटकात कुणीतरी तिला पाहिलं आणि सातव्या वर्षी ती दुधाच्या जाहिरातीत आली. मग तिकडच्या मुलांच्या दोन मालिका. तेराव्या वर्षी अमेरिकेतली मोठी मालिका मिळाली – एका आडगावच्या शेतघरात राहणाऱ्या कुटुंबातली धाकटी मुलगी. आम्ही सगळे नुसते हवेत होतो. नागपूरला आईने शेजारीपाजारी पेढे वाटले.

आता शूटिंग लॉस एंजेलिसजवळ, आणि मूल सोळाच्या आतलं असलं की घरचं एक मोठं माणूस सेटवर हवंच. मूल त्याच्या नजरेसमोर हवं. पहिले काही महिने नंदा राहिली. ती बँकेत आहे – रजा किती पुरणार? एक दिवस तिचा फोन आला, "ताई, तू जाशील का गं?"

जाशील का? – मला असं काही विचारून किती वर्षं झाली होती! मी नागपूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. लग्न होऊन कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची मनाई. ग्रीन कार्ड आलं तोवर माझ्या डिग्रीकडे कुणी बघेना. मुलगी कॉलेजसाठी मिशिगनला गेली. नवरा, सुधीर, सकाळी फ्रीवेवर जायचा तो अंधार पडायच्या सुमाराला यायचा. मंडळाच्या गणपतीला मोदक कुणी किती करायचे याची यादी – एवढाच माझा कारभार उरला होता. मी त्याच आठवड्यात बॅग भरून लॉस एंजेलिसला राहायला गेले.

सेटवर मला एक घडीची खुर्ची मिळाली, पाठीवर माझ्या नावाची पट्टी. सगळे मला आंटी म्हणायचे. दिग्दर्शक पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा, शॉट झाला की माझ्याकडे वळून विचारायचा, "गुड, आंटी?" मी अंगठा वर करायचे. तो गमतीने विचारत होता हे कळायचं मला. पण हळूहळू असं वाटायला लागलं की माझ्या अंगठ्याशिवाय शॉट ओके होतच नाही. हसू येतंय ना? मला नाही येत.

आणि रेवा? पोह्यांवर केचप घालून खाणारी, मोजे कुठेही टाकणारी साधी पोर. पण कॅमेरा सुरू झाला की वेगळीच. दुसरं कुणी बोलत असताना तिचा चेहरा बघावा. दिग्दर्शक म्हणायचा, बोलणारे खूप मिळतात, ही मुलगी ऐकते.

नंदाने जाताना मला एकच गोष्ट बजावली होती. "ताई, ताप-बिप, काहीही आलं, तर पहिला फोन मला. पुढच्या विमानाने येते मी." आणि त्या दरम्यान तिचं असंही चाललं होतं की नवीन मॅनेजर चांगला आहे, पुन्हा रजा मिळेल, मग तुला सोडवते. सोडवते! मला कुठे सुटायचं होतं?

बघा, मी अजून मुद्द्यावर येत नाहीये.

मंगळवारी रेवाचा कान दुखत होता. मी तेल कोमट करून कानाला लावलं. बुधवारी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, पांघरूण अंगावर ओढून. म्हणाली, "मावशी, आय थिंक मला ताप आहे."

हे वाक्य नीट वाचा. ती स्वतःहून म्हणाली.

मी थर्मामीटर लावला. एकशे दोन. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? डॉक्टर नाही आला. नंदा आली – विमानातून उतरणारी, सेटवर येऊन माझ्या खुर्चीत बसणारी नंदा. खोटं कशाला बोलू, रेवाच्या कामाची काळजी मला त्या क्षणी नव्हतीच. गुरुवारचा सीन मोठा होता, तो चुकला असता, वगैरे कारणं मी नंतर स्वतःशी जुळवली.

मी तिला दुधाबरोबर तापाच्या दोन गोळ्या दिल्या. आणि म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही हं. सांगितलंस तर शूटिंग बंद करतील. आई येऊन घरी घेऊन जाईल. मिस कॅरलनी विचारलं तर काय म्हणायचं?"

ती म्हणाली, "आय ॲम फाइन."

"हसून म्हण."

तिने हसून म्हटलं. पाठांतराला ती हुशारच होती.

मिस कॅरल म्हणजे सेटवरच्या शिक्षिका. मुलांचा अभ्यास घेणं आणि तब्येतीवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. त्यांनी नको म्हटलं तर त्या मुलाचं शूटिंग तिथेच थांबायचं. म्हणून मी गोळ्यांच्या वेळा बसवल्या. कोणती गोळी किती वेळात चढते, कधी उतरते, हे केमिस्ट्री शिकवलेल्या बाईला कळायला काय अवघड? ताप उतरला म्हणजे आजार बरा झाला असं नाही – तेही कळत होतं. तेही कळत होतं हो मला.

गुरुवारी गाडीत रेवा काळा गॉगल लावून बसली. "लाइट नको वाटतोय, मावशी. अँड माय नेक इज सो स्टिफ यार." मी म्हटलं, रात्री वेडीवाकडी झोपलीस. सेटवर मिस कॅरलनी तिच्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. ही बरी आहे ना, चेहरा उतरलाय. मी म्हटलं, उशिरापर्यंत पाठांतर करत होती. तरीही त्यांनी ताप पाहिला. नव्याण्णव. त्यांनी तो वहीत लिहिला, खाली सही केली.

सीन असा होता – बाप घर सोडून चाललाय, मुलगी त्याच्यामागे अंगणात येते, आणि मग एकदा वळून घराकडे बघते. एवढंच. पण रेवाची मान वळेना. म्हणून ती खांद्यासकट, सगळ्या अंगाने, हळूहळू वळली, कुणीतरी धरून फिरवावं तशी. दिग्दर्शकाने कानावरचे हेडफोन काढले आणि डोळे पुसले. आयुष्यभर अभिनय करणाऱ्यांना हे सुचत नाही, म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "गुड, आंटी?"

मी अंगठा वर केला.

जेवणाच्या सुट्टीत ती व्हॅनच्या पायरीपाशी भडाभडा ओकली. मी तिचे केस मागे धरले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मिस कॅरल, वेअर इज माय मावशी?" मग तिथेच खाली बसली, आणि आडवी झाली.

मेंदूच्या आवरणाला सूज होती. कानातला जंतू आत गेला होता. हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरणीने मला विचारलं, ताप कधीपासून आहे? तुम्हाला वाटेल, निदान तिथे तरी ही बाई खरं बोलली असेल. उपचारासाठी विचारत होती ती. सगळं काही त्या एका उत्तरावर असू शकत होतं. मी म्हणाले, आज सकाळपासून असेल. आम्हाला बोललीच नाही ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदा आली, ती तशीच ऑफिसच्या कपड्यांत. तिच्यापुढे ते खोटं अजून नीट झालं. "तिने लपवलं गं माझ्यापासून. मी विचारलं होतं, ताप आहे का म्हणून. नाही म्हणाली. काम जाईल म्हणून घाबरली असणार." नंदा माझ्या गळ्यात पडून रडली. "ताई, तुझी काय चूक. माहितीय ना, किती हट्टी आहे ती."

पाच दिवसांनी रेवा शुद्धीवर आली. डावा कान पूर्ण गेला होता, उजव्याने जेमतेम काहीतरी. तो सगळा आठवडा तिच्या डोक्यातून पुसला गेला होता – कान दुखणं, ताप, गोळ्या, मी शिकवलेलं ते हसू, सगळं. हे कळल्यावर मला काय वाटलं, विचारा. सुटल्यासारखं वाटलं. पोर बहिरी होऊन समोर पडली होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तिच्याशी वहीत लिहून बोलावं लागायचं. नंदाने एकदा लिहिलं, "तू ताप का लपवलास?" रेवाने ते वाचलं. कितीतरी वेळ वाचत राहिली. मग मोठ्याने, आपला आवाज किती मोठा आहे हे न कळून, म्हणाली, "सॉरी, आई." आणि माझ्याकडे बघून, "सॉरी, मावशी." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

नाही, पेनसुद्धा हातात घेतलं नाही मी.

मालिकेत तिच्या पात्राला बोर्डिंग स्कूलला पाठवून दिलं. मिस कॅरलना कामावरून काढलं – वहीत त्यांची सही होती. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. डॉक्टर नंदाला म्हणाले होते, एक दिवस आधी आणलं असतं तर कदाचित फरक पडला असता, नक्की सांगता येत नाही. त्या 'सांगता येत नाही'ला धरून मी नऊ वर्षं जेवले, झोपले, मोदक केले.

रेवाच्या उजव्या कानामागे ऑपरेशन करून मशीन बसवलं. त्यातून येणारा आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा लागतो म्हणते. चालताना तोल जायचा, तो भिंत धरून धरून सावरला. बोलणं पुन्हा शिकली – माझ्या भाचीने वयाच्या पंधराव्या वर्षी 'स' आणि 'श' आरशासमोर बसून गिरवले. अठराव्या वर्षी ती पुन्हा लॉस एंजेलिसला आली. एकटी. ऑडिशन देत राहिली. मिळाली ती बारीकसारीक कामं, बहुतेक बहिऱ्या मुलीची. दोन वाक्यं, कधी तीही नाहीत. एका सेटवर मागून हाक मारली ती ऐकू आली नाही म्हणून तिला दुसऱ्या दिवशी येऊ नको सांगितलं. आणि तो जुना सीन, ते वळून बघणं, लोक अजून एकमेकांना पाठवतात. काय ताकदीची मुलगी होती, लिहितात खाली. होती. ती मला हसून सांगते, "मला तो शॉट आठवतच नाही, मावशी, बट पीपल लव्ह इट."

फोन ती मला दर रविवारी करते. नंदापेक्षा माझ्याशी जास्त बोलते. तिला वाटतं, तिच्या खोटेपणामुळे मला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली. मला जपते ती.

मागच्या महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे लहान वयात अभिनय करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी एक कार्यक्रम होता. तिला तिथे स्वतःची गोष्ट सांगायला बोलावलं होतं. वही-पेन घेऊन बसली होती. तेवीस वर्षांची झाली, पण लिहिताना जीभ अजून दातांत धरते.

"मावशी, मला फॅक्ट्स नीट हवेत," म्हणाली. "तिथे छोटी मुलं असणार. मी त्यांना सांगणार आहे, माझ्यासारखं करू नका. बरं नसेल तर मोठ्यांना सांगा, दे आर ऑन युअर साइड." मग वहीतून वर बघितलं. "बट मला कधीकधी एक स्वप्न पडतं. मी ब्लँकेट घेऊन दारात उभी आहे, आणि तुला काहीतरी सांगतेय. सो आय वॉन्टेड टु चेक. तू मला विचारलं होतंस ना, ताप आहे का? आणि मी नाही म्हटलं. असंच झालं ना?"

सुधीर घरात नव्हता. घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते. मला कसली घाई नव्हती. कुणी बघत नव्हतं. माझी खुर्ची जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, घालवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. एक ती सोडून.

रेवा माझ्या ओठांकडे बघत होती. मशीन असलं तरी तिला ओठ बघूनच खात्री पटते. म्हणून तिच्याशी बोलताना मी प्रत्येक शब्द मोठा करून, सावकाश उच्चारते. घरात सगळ्यांत आधी मीच ते शिकले, असं नंदा सगळ्यांना कौतुकाने सांगते.

तसंच, सावकाश, तिला नीट कळेल असं, मी म्हणाले, "हो."

तिने मान डोलावली आणि खाली बघून ते लिहून घेतलं.