सात्यांची जागा

फिनलंडला नोकरीला लागलो, तेव्हा आमचा साहेब कामापुरतंच बोलायचा. ना कधी चहाला बोलावणं, ना घरची चौकशी. मी पार कावून जायचो. आमच्या सिंदेवाहीच्या स्टँडवर अनोळखी माणूससुद्धा गाव तरी विचारतो!

मग एका शनिवारी तो गाडी घेऊन दारात उभा. शहराबाहेरच्या जंगलात बरंच आत चालवत नेऊन त्यानं एका झाडाखालच्या पिवळ्याधमक अळंब्या दाखवल्या आणि चाकू माझ्या हातात दिला. मला भरून आलं.

सोमवारी ऑफिसातल्या दिल्लीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढंच? मशरूम?"

त्याला काय कळणार, कपाळ! पावसाळ्यात वारुळापाशी उगवतात त्या अळंब्यांना आमच्याकडे सात्या म्हणतात. त्या आणायला आई पहाटेच एकटी जायची. जागा तिनं सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितली नाही.

संध्याकाळी आईला फोन केला.

"त्यानं तुले जागा दाखवली?" तिला खरंच वाटेना. "कुठी हाय थे?"

"नाई सांगत."

आई समाधानानं हसली. "मलेबी नको सांगू," म्हणाली.