बाबा बसले की चाळीस

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमच्या घरात लिंबू येतं ते फक्त वरणावर पिळायला. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. कोणी भुताखेतांचं काढलं की "पुरावा काय?" एवढं विचारून त्याला गप्प करायचे. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. फॉल्टचं कारण सापडेपर्यंत मी कोणाला सुखाने जेवू देत नाही, अशी माझी ख्याती. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

बाबांच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला निगडीच्या बाजूला डायलिसिस. आम्ही राहतो मोशीला. वेळेत पोचलो नाही तर मशीन दुसऱ्या पेशंटला देऊन टाकायचे, मग बाबांना ताटकळावं लागायचं. डायलिसिस लांबलं की पाय सुजायचे, धाप लागायची. रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांचे होणारे हाल बघवेनात म्हणून मी सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. पांढरी, सात वर्षं जुनी, एकाच मालकाची. चार दिवस चाकणला नेली-आणली, काही तक्रार नाही.

पहिल्या मंगळवारी बाबांना शेजारी बसवलं आणि निघालो. स्पाइन रोड त्या वेळी बऱ्यापैकी मोकळा असतो. पण गाडी चाळीसच्या पुढे जाईना! पाय पार खाली टेकवला तरी काटा चाळीसवरच. धूर नाही, आवाज नाही, समोर एकही दिवा लागलेला नाही. उशीर झाला, मशीन गेलं, बाबा दोन तास बाकावर बसून राहिले. येतानाही तेच. आणि दुपारी सेकंड शिफ्टला निघाले तर हीच बया ऐंशीने पळतेय! मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या.

चिखलीत रफीकभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी सांगितलं की इंजिनात काही बिघडलं की डिझेल गाडी स्वतःला जपायला अशी अंग चोरते, पण मग तिच्या कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद सापडते. त्यांनी स्कॅनर लावला. नोंद नाही. डिझेल फिल्टर बदलला, टर्बोचे पाइप काढून साफ केले, सेन्सर बदलून पाहिला.

"ताई, गाडी में कुछ नहीं है," ते हात पुसत म्हणाले. "मी स्वतः देहूपर्यंत मारून आलो. एकदम मक्खन."

शुक्रवारी बाबा बसले. चाळीस.

तीन आठवडे हे असंच चाललं. आधीच्या मालकाला फोन केला. भला माणूस, बायको-मुलांसकट ठणठणीत. अपघात नाही, आजारपण नाही, नवीन गाडी घेतली म्हणून ही विकली. आमच्या कंपनीत अशा वेळी एक साधी पद्धत वापरतात. चांगल्या आणि बिघडलेल्या मशीनमधला एकेक पार्ट आपसात बदलायचा आणि फॉल्ट कोणाबरोबर जातो ते बघायचं. मी बाबांना सहज म्हटलं, ते लगेच तयार झाले.

"वजनाचा काही तरी घोळ हाय, संघे," ते म्हणाले. "येत्या रविवारी बघूनच टाकू."

त्या रविवारी आम्ही स्पाइन रोडवर अक्षरशः ट्रायल घेतली. शेजारी आई बसली, गाडी सत्तर. माझा भाऊ नितीन बसला, सत्तर. बाबांच्या वजनाइतके पाण्याचे तीन जार सीटवर ठेवून पट्टा लावला, तरी सत्तर. बाबा बसले, चाळीस. बाबा मागच्या सीटवर, चाळीस. बाबा नितीनने मित्राकडून मागून आणलेल्या गाडीत, ती मस्त पळाली. शेवटी मी खाली उतरले आणि नितीन माझ्या गाडीत फक्त बाबांना घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. फॉल्ट माझ्याबरोबर नव्हता. रस्त्याबरोबर नव्हता. तो फक्त बाबांबरोबर जात होता, आणि ते आम्हीच सिद्ध केलं होतं. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

बाबा बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

मग म्हणाले, "मंगळवारपासून अर्धा तास आधी निघत जाऊ."

गाडी विकायचं मी दोनदा काढलं, दोन्ही वेळा त्यांनीच अडवलं. "राहू दे. धक्के लागत न्हाईत." आणि खरं सांगू का, त्या चाळीसच्या वेगात बाबा माझ्याशी जितकं बोलले तितकं जन्मात बोलले नव्हते. पहिल्या पगाराचं, संपाचं, मी झाले तेव्हा कंपनीत पेढे वाटले त्याचं... मी घाईत असते तर ऐकलं नसतं.

नंतर एका शुक्रवारी मशीनवर असतानाच त्यांचं बीपी एकदम खाली गेलं. डॉक्टर बाहेर येऊन "गेले" म्हणाले तेव्हा सव्वानऊ झाले होते.

घरी न्यायच्या ॲम्ब्युलन्समध्ये बाबांसोबत माझ्या फोननंतर धावत आलेले आई आणि नितीन बसले. गाडी तिथे कशी सोडणार, म्हणून मी एकटीच मागून निघाले. स्पाइन रोडला ॲम्ब्युलन्सने वेग घेतला. मीही पाय दाबला.

काटा चाळीसवर थांबला.

आधी मला नुसता संताप आला. आजच? मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. पुढची ॲम्ब्युलन्स लहान होत होत दिसेनाशी झाली, मागचे हॉर्न वाजवत पुढे जात होते. आणि मग तो रविवार आठवला. हा फॉल्ट फक्त एका माणसाबरोबर जातो... डाव्या बाजूला बघायची हिंमत होईना. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. स्वतःच्या बापाला घाबरले! मोशीपर्यंत मान ताठ ठेवून फक्त समोर बघत राहिले. सोसायटीच्या गेटमध्ये गाडी थांबवली, दार उघडलं आणि पळत वर गेले.

त्यानंतर गाडीने एकदाही असं केलेलं नाही. रफीकभाई म्हणतात, कुठलीतरी वायर सैल असेल, आपोआप बसली. वायरला माणसं कळतात का, हे मी त्यांना विचारलं नाही. नितीनशी या विषयावर बोलणं टाळते. माझ्याकडे कारण नाही, आणि ते सापडेल असंही आता वाटत नाही.

पण अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी एकटीच त्या रस्त्याने जाते. डावी सीट मोकळी ठेवते, पर्ससुद्धा मागे टाकते. पाय दाबते आणि गाडी गुमान ऐंशी गाठते. एकदाच, फक्त एकदाच ती चाळीसवर अडकू दे. या वेळी मी बाजूला बघेन.