सरांना सांगितलेली चूक

भौतिकशास्त्राच्या संस्थेत तिला सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. कुणाचंही गणित तिच्या हातून गेलं की खडे निघायचेच. हे वळण तिच्या मार्गदर्शक सरांनी लावलेलं.

सर आणि ती नऊ वर्षं एकाच कामाला जुंपलेले होते. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या पोटात क्वार्क नावाचे कण सतत धावत असतात, पण ते बाहेर काढून बघता येत नाहीत. मग संगणकात अवकाशाचे बारीक बारीक चौकोन पाडायचे, त्यात क्वार्क सोडायचे आणि ते कसे हलतात ते महिनोन्‌महिने मोजत बसायचं.

“आपण म्हणजे भिंतीला कान लावून शेजाऱ्यांचं भांडण ऐकणारी माणसं,” सर हसून म्हणायचे.

नवव्या वर्षी आकडा हाती आला. प्रोटॉनच्या संवेगातला क्वार्कांचा वाटा सगळे मानत होते त्याहून कमी निघाला. शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं. आणि त्याच महिन्यात सरांनी अंथरूण धरलं.

एका दुपारी जुन्या फाइली आवरताना तिने मोजणीची यादी पुन्हा ताडून पाहिली. चारशे फाइली दोनदा मोजल्या गेल्या होत्या. यादी तिनेच केलेली. दुबार फाइली काढल्यावर आकड्यातली अनिश्चितता इतकी वाढली की तो फरक त्यातच बुडाला.

ती सरांना भेटायला इस्पितळात गेली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, उशाशी बसल्या होत्या.

“आकडा टिकलाय ना ग?” सरांनी रोजच्यासारखं विचारलं.

‘हो’ म्हणायचं तिने रस्ताभर घोकलं होतं. तोंडून निघालं, “नाही सर. चूक झाली. माझी.”

“कुठे?”

तिने सांगितलं.

“बरोबर धरलंस,” ते म्हणाले. मग हळूच, “आज सांगितलं नसतंस तरी चाललं असतं ग.”

त्यांनी कूस बदलली. तिसऱ्या दिवशी ते गेले. तोवर तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

काकूंनी तिला जिन्यात गाठलं. “एक ‘हो’ म्हणायला काय झालं होतं तुला?”

ती जिना उतरून गेली.

चूक कबूल करणारं पत्र तिने एकटीच्या नावाने छापून आणलं. मग दोन वर्षं खपून सगळी मोजणी पहिल्यापासून केली. आकडा सगळे मानत होते तोच आला. नवा निबंध घेऊन ती काकूंकडे गेली. लेखकांत पहिलं नाव सरांचं होतं.

काकूंनी दारातच कागद घेतले. “ठेवते,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.